एव्हरेस्ट बेस कॅम्पची सहल : कुणाचे ओझे, किती दिवस, कुठे मुक्काम

ऑक्टोबर २०२४ च्या उत्तरार्धात पुण्या-ठाण्याचे आम्ही आठ जण काठमांडूच्या एका लहान ट्रेकिंग कंपनीबरोबर एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन आलो. कंपनीच्या माहितीपत्रकावर ‘जबाबदार पर्यटन’ हे शब्द ठळक अक्षरांत होते. हल्ली ते बहुतेक सगळ्यांच्याच पत्रकांवर असतात, म्हणून चौदा दिवसांत त्या शब्दांचा आम्हाला प्रत्यक्ष अर्थ काय दिसला, तेवढेच या परीक्षणात लिहीत आहे. बहुतेक बाबतींत कंपनी आपल्या शब्दाला जागली. एका महत्त्वाच्या बाबतीत ती कमी पडली आणि त्याचे मला अजूनही वाईट वाटते. तक्रारही लिहायची असल्यामुळे कंपनीचे नाव देत नाही. कुठल्याही कंपनीला कोणते प्रश्न विचारायचे हे मात्र वाचकाला यातून नक्की कळेल.

निवड करताना आम्ही तीन कंपन्यांची वेळापत्रके मागवली होती. सर्वांत स्वस्त कंपनीचा दर माणशी ६८,००० रुपये होता, तर आम्ही जिच्याबरोबर गेलो तिचा १,१५,००० रुपये. दोन्ही दर पुणे ते काठमांडू प्रवास सोडून होते. एवढा फरक कशासाठी, असे विचारल्यावर आमच्या कंपनीने दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून वाचायला सांगितले आणि तिथेच निम्मे उत्तर मिळाले. स्वस्त सहलीत वाटेवरच्या दिंगबोचे गावातला दुसरा मुक्कामच गाळलेला होता. विरळ हवेच्या आजाराबाबत डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. फाकडिंग (२,६१० मीटर) ते नामचे बाजार (३,४४० मीटर) या टप्प्यातच या नियमाला मुरड पडते, म्हणून नामचेला दोन रात्री काढाव्याच लागतात. पुढे आमच्या कंपनीने देबोचे, पांगबोचे, दिंगबोचेला दोन रात्री आणि लोबुचेच्या आधी थुकला असे लहान लहान टप्पे ठेवले होते, शिवाय परतीच्या विमानासाठी एक दिवस राखीव होता. आपल्या सह्याद्रीत वर्षानुवर्षे गड चढणाऱ्यांना पायांची चिंता नसते, पण महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे आणि या वाटेवरचा पहिलाच मुक्काम त्याच्याही वर जवळजवळ हजार मीटरवर होतो. विरळ हवेची सवय राजगड-तोरणा करून लागत नाही. त्यासाठी दिवसच द्यावे लागतात, आणि वाढीव दरातला मोठा भाग याच दिवसांचा होता. दिवस वाढले की गाईड आणि पोर्टर यांचा रोजही वाढतो, हे ओघाने आलेच.

पायी वाट जिथून सुरू होते त्या लुक्लाची बरीचशी विमाने हंगामात काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातल्या मंथली विमानतळावरून सुटतात. त्यासाठी मध्यरात्रीनंतर निघून चार-पाच तासांचा वळणावळणांचा रस्ता कापावा लागतो. कंपनीने हे आधीच स्पष्ट सांगितले होते, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आणि चांगलीच उताराची आहे. एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने ती १९६४ साली बांधली गेली. तिथे उतरल्याचे हायसे वाटते न वाटते तोच आमच्या गाईडने एका लॉजच्या अंगणात तुळईला ताणकाटा अडकवला आणि एकेकाची डफल बॅग त्यावर टांगायला सुरुवात केली. मर्यादा माणशी दहा किलोंची होती. एका पोर्टरकडे दोन बॅगा, म्हणजे वीस किलो, आणि त्यावर त्याचे स्वतःचे कपडे व अंथरूण. माझी बॅग १२ किलो ७०० ग्रॅम भरली. गाईड दाइंनी (नेपाळीत दाइ म्हणजे थोरला भाऊ) आवाज न चढवता मला बाजूला नेले आणि बॅग उघडायला सांगितली. लाडवांचा डबा, चिवड्याची पिशवी, जास्तीचे बूट आणि एक जाड कादंबरी बाहेर निघाली. बूट आणि कादंबरी लॉजवर ठेवली, लाडू-चिवडा आम्ही सर्वांनी पोर्टरांसह तिथेच अंगणात बसून निम्मा संपवला आणि उरलेला मी माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये घेतला. ताणकाट्याचा काटा दहावर स्थिरावेपर्यंत त्यांनी बॅग खाली उतरवू दिली नाही. शेजारच्या अंगणात मात्र दुसऱ्या एका गटाच्या तीन गच्च भरलेल्या बॅगा एकाच दोरीने बांधून एकाच मुलाच्या पाठीवर चढत होत्या. तिथे वजन करणारे कोणीच नव्हते.

पोर्टरांबद्दल आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे, आणि तो माझाही होता, म्हणून इथे थोडे थांबते. ओझे वाहणारा प्रत्येक माणूस शेर्पा असतो आणि उंचीचा त्याला त्रास होत नाही, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात या वाटेवरचे अनेक पोर्टर राई, तामांग किंवा मगर समाजाचे असतात आणि त्यांची गावे खालच्या डोंगररांगांत असतात. आमच्या चौघांपैकी दोघे ओखलढुंग्याकडचे शेतकरी होते. भाताची कापणी घरच्यांवर सोपवून ते दोन महिन्यांच्या हंगामासाठी वर आले होते. हवा त्यांनाही आपल्याइतकीच विरळ लागते, वर पाठीवर ओझे असते आणि अंगावर बहुधा आपल्यापेक्षा कमी कपडे. १९९७ साली नेपाळमध्ये उंचीच्या आजाराने खालावलेल्या एका पोर्टरला त्याच्या गटाने वाऱ्यावर सोडले आणि त्याचा मृत्यू झाला. त्या घटनेनंतर डॉ. जिम डफ यांनी आंतरराष्ट्रीय पोर्टर संरक्षण गट स्थापन केला. पोर्टरला पुरेसे कपडे, निवारा, जेवण आणि औषधोपचार मिळावेत, तो आजारी पडला तर त्याला एकट्याला खाली धाडू नये आणि त्याच्यावर कुवतीबाहेरचे ओझे लादू नये, एवढ्या साध्या त्यांच्या मागण्या आहेत. काठमांडूची ‘कीप’ ही संस्था पोर्टरांना जाकिटे, बूट, हातमोजे वापरायला देणारी कपड्यांची पेढी चालवते. आमच्या कंपनीने निघण्यापूर्वी चारही पोर्टरांच्या विम्याची कागदपत्रे विचारताक्षणी दाखवली आणि त्यांचे बूट व जाकिटे आम्ही लुक्लालाच पाहिली. एकाचे बूट सैल होते. ते नामचेला बदलून दिले गेले, हेही नोंदवायला हवे.

गाईड दाइ खुमजुंगचे होते, वय पन्नाशीच्या पुढचे. हिलरींनी १९६१ साली ज्या खुमजुंगमध्ये शाळा सुरू केली त्याच शाळेत ते शिकले होते. नामचेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला स्यांगबोचेवरून खुमजुंगला नेले, शाळेच्या पटांगणात उभे केले आणि गावाच्या पाठीशी उभ्या असलेल्या खुंबिलाकडे बोट दाखवले. खुंबिला हा एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू प्रदेशाचा रक्षक देव मानला जातो, म्हणून त्याच्यावर कोणी चढत नाही. आठ हजार मीटरच्या शिखरांवर दोर लावणारे हे लोक आपल्या घरामागच्या पावणेसहा हजार मीटरच्या डोंगरावर पाऊल ठेवत नाहीत, हे ऐकून आमच्यातला सर्वांत बडबडा सभासदही गप्प झाला. मणी भिंती, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती, कायम आपल्या उजव्या हाताला ठेवून, म्हणजे डावीकडून वळसा घालून चालायचे, आपल्या प्रदक्षिणेसारखे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले आणि स्वतः प्रत्येक वेळी पाळले. टोपी काढून दोन्ही हात जोडायचे, मग पुढे निघायचे, असा त्यांचा क्रम दमछाक झालेली असतानाही चुकला नाही. १६ ऑगस्ट २०२४ रोजी वरचे हिमतलाव फुटून थामे गावात पूर शिरला होता आणि घरे, शाळा, आरोग्यकेंद्र उद्ध्वस्त झाले होते. आम्ही गेलो तेव्हा त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. दाइ त्याबद्दल मोजकेच बोलले, पण १९८५ साली दिग छो तलाव फुटला तेव्हा नामचेसाठी बांधलेला वीजप्रकल्प कसा वाहून गेला, आणि इम्जा तलावाचे पाणी २०१६ मध्ये तीन मीटरहून अधिक का उतरवावे लागले, हे त्यांनी नदीच्या पात्राकडे बोट करून समजावले. अशी माहिती वाचून मिळते, पण त्या पात्राच्या काठी राहिलेल्या माणसाकडून ऐकताना तिचे वजन वेगळे असते. चांगल्या गाईडसाठी मोजलेले पैसे मला कधीच जास्त वाटणार नाहीत, ते यासाठी.

या सहलीतली जी घटना मला सर्वाधिक मोलाची वाटते ती दिंगबोचेच्या पहिल्या संध्याकाळची. पाहुण्यांचे जेवण झाल्यावर पोर्टर जेवायला बसले. दालभातात भात दुसऱ्यांदा वाढतात आणि दिवसभर ओझे वाहिलेला माणूस तो घेतल्याशिवाय उठत नाही. ओखलढुंग्याचा जो धाकटा पोर्टर होता, विशी-बाविशीतला, त्याने दुसऱ्यांदा भात घेतला नाही. पहिला भातही ताटात तसाच होता. मी समोर चहा पीत बसले होते, माझ्या ते ध्यानातही आले नाही. दाइंच्या आले. ते त्याच्याजवळ जाऊन बसले, हळू आवाजात काहीतरी विचारले आणि मग त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ७२ होता, आमचे आकडे त्या वेळी ऐंशीच्या पुढे होते. डोके दुपारपासूनच दुखत होते, पण रोज बुडेल या भीतीने तो बोलला नव्हता. दाइंनी त्याला जेवणघराच्या लांब फळीवर टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालायला सांगितले. चार पावलांत तो दोनदा तोल जाऊन बाजूला पडला. तोल जाणे ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते, आणि अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते.

पुढच्या दहा मिनिटांत दाइ, सहायक गाईड आणि एक पोर्टर त्याला घेऊन डोक्यावर विजेऱ्या लावून बाहेर पडले. मधला डोंगराचा सोंड ओलांडला की पलीकडे फेरिचे आहे आणि तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना १९७३ पासून हंगामात चालतो. परदेशी रुग्णांकडून आलेल्या पैशांतून स्थानिक लोक आणि पोर्टर यांच्यावर तिथे अल्प दरात उपचार होतात. त्याला रात्रभर प्राणवायू दिला, औषधे दिली आणि सकाळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून एका साथीदारासह खाली नामचेकडे रवाना केले. परतताना तो आम्हाला नामचेला भेटला, तेव्हा ठणठणीत होता. त्याला चौदाही दिवसांचा पूर्ण रोज मिळाला, हे मी त्याच्याकडून, कंपनीच्या माणसांच्या माघारी, विचारून घेतले. त्याच्या वाट्याचे वीस किलो बाकीच्यांवर वाटून टाकणे सोपे होते. दाइंनी तसे न करता दिंगबोचेतच बदली माणूस रोजावर घेतला आणि साथीदार परत येईपर्यंत आम्हाला तिथे एक रात्र तशीही काढायची होती, त्यामुळे वेळापत्रकही बिघडले नाही. जादा दिवसाचा उपयोग फक्त पाहुण्यांना होतो असे नाही, हे मला तेव्हा समजले. ती रात्र गाळलेल्या सहलीत त्या मुलाचे काय झाले असते, हा विचार मला अजूनही स्वस्थ बसू देत नाही.

कचऱ्याबाबत खुंबू प्रदेश आपल्या अनेक पर्यटनस्थळांच्या पुढे आहे. काचेच्या बाटल्यांवर तिथे १९९८ पासून बंदी आहे, जानेवारी २०२० पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरही बंदी आली, आणि सगरमाथा प्रदूषण नियंत्रण समिती १९९१ पासून वाटेवरच्या कचरापेट्या व संकलनाचे काम पाहते. आमच्या कंपनीने बाटलीबंद पाणी विकत घ्यायचे नाही असा नियम केला होता आणि प्रत्येकाला पाणी शुद्ध करण्याचे थेंब दिले होते. उकळलेले पाणी लॉजवर लिटरमागे पैसे देऊन मिळते, आणि जसजसे वर जावे तसतसा त्याचा दर चढतो. लाकूडतोडीवर राष्ट्रीय उद्यानात निर्बंध असल्याने वरच्या लॉजांतल्या शेगड्या याकच्या वाळलेल्या शेणावर पेटतात, त्याही संध्याकाळी फक्त जेवणघरात. परतताना नामचेला ‘कॅरी मी बॅक’ या उपक्रमाच्या किलोभर वजनाच्या पिशव्या मिळतात. चुरलेला, बांधलेला कचरा त्यांत असतो आणि त्या लुक्लाला पोहोचवायच्या. आम्ही आठही जणांनी एकेक नेली. माझी तक्रार एवढीच की ओल्या टिश्यूंबद्दल (ते कुजत नाहीत) कंपनीने नामचेला पोहोचल्यावर सांगितले. ते पुण्यात सामान भरण्यापूर्वी सांगायला हवे होते, कारण आमच्याच गटाकडे त्यांची सहा पाकिटे निघाली.

आता मुख्य तक्रार. लोबुचेला (सुमारे ४,९०० मीटर) लॉज थोडी आणि गर्दी फार. रात्री साडेदहाच्या सुमारास मी पाण्यासाठी जेवणघरात गेले, तेव्हा आमचे चौघे पोर्टर भिंतीलगतच्या बाकांवर जाकिटे न काढता झोपलेले होते. शेगडी विझलेली होती आणि खिडकीच्या आतल्या बाजूने बर्फाचा पापुद्रा धरला होता. शेवटचे पाहुणे पत्ते खेळून उठेपर्यंत, म्हणजे साधारण नऊपर्यंत, त्यांना आडवे होता आले नव्हते, आणि पहाटे साडेचारला न्याहारीची लगबग सुरू झाली की उठावेच लागणार होते. दोघांकडे लॉजच्या रजया होत्या, दोघे आमच्याच रिकाम्या डफल बॅगा पायांवर ओढून झोपले होते. सकाळी मी दाइंना विचारले. पोर्टरांच्या खोलीसाठी पैसे दिलेले होते, पण लॉजवाल्याने ती खोली ऐन वेळी दुसऱ्या पाहुण्यांना दिली, असे त्यांनी खाली मान घालून सांगितले. मला त्यांची अडचण समजते. तरीही पाहुण्याची खोली अशी परस्पर दिली गेली असती तर त्यांनी वाद घातला असता, आणि पोर्टरच्या खोलीसाठी तो घातला गेला नाही. आम्हाला जरी सांगितले असते तरी आठ जणांनी चार खोल्यांऐवजी तीन खोल्यांत दाटीने झोपून एक खोली मोकळी केली असती. पुढच्या रात्री गोरक शेपला आम्ही हेच केले आणि कोणाचेही काही बिघडले नाही.

बेस कॅम्पबद्दल थोडक्यात. ५,३६४ मीटरवर, प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असताना, घसाऱ्यावरून आणि हिमनदीच्या काठाने तीन तास चालून आपण जिथे पोहोचतो तिथून एव्हरेस्टचे शिखर दिसत नाही. ते पाहायचे तर दुसऱ्या पहाटे काला पत्थर ही टेकडी चढावी लागते. आम्ही सहा जण चढलो. दोघांना दाइंनी आकडे पाहून थांबवले आणि त्यांनी ऐकले. थांबलेल्यांपैकी एकाने हेलिकॉप्टरची चौकशी केली, तेव्हा दाइंनी त्याला तपासून, ही दमणूक आहे, आजार नव्हे, खाली उतरलास की बरे वाटेल, असे सांगितले आणि तसेच झाले. नेपाळमध्ये गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विम्याचे पैसे उकळण्याचे प्रकार इतके बोकाळले होते की २०१८ साली सरकारला चौकशी करावी लागली. त्या पार्श्वभूमीवर गाईडचा हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो.

बक्षिशीबाबत कंपनीच्या कागदात फक्त ‘ऐच्छिक’ एवढेच लिहिले आहे आणि शेवटच्या संध्याकाळी मात्र अपेक्षित रक्कम कळते. हा संकोच टाळण्याजोगा आहे, आकडा आधी सांगावा. बाकी जेवण साधे पण पोटभर, खोल्या स्वच्छ, आणि भारतीयांना राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशशुल्कात सार्क देशांची सवलत मिळते ती दरात प्रामाणिकपणे धरलेली. ज्यांच्याकडे दहा-अकरा दिवसच सुट्टी आहे त्यांनी या कंपनीकडे जाऊ नये, आणि माझे आग्रहाचे सांगणे असे की त्यांनी बेस कॅम्पलाही जाऊ नये. नामचे, खुमजुंग आणि तेंगबोचे एवढाच फेरा करावा. तो अपुरा मुळीच वाटत नाही.

लोबुचेच्या रात्रीबद्दल मी परतल्यावर कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. नऊ दिवसांनी उत्तर आले. त्यांनी चूक मान्य केली आहे आणि पुढच्या हंगामापासून लोबुचे व गोरक शेप इथे पोर्टरांच्या खोल्यांचे पैसे आगाऊ भरून पावती घेऊ, ती पावती पाहुण्यांनाही दाखवू, असे कळवले आहे. एप्रिलमध्ये ठाण्याची दुसरी तुकडी त्यांच्याबरोबरच जाणार आहे. पावती मागून घ्या आणि लोबुचेला रात्री दहानंतर एकदा जेवणघरात डोकावून या, एवढे मी त्यांना सांगून ठेवले आहे.